सोनेवा फुशी, मालदीव: कचरा कुठे जातो हे दाखवणारं रिसॉर्ट

मालदीवच्या जवळपास प्रत्येक रिसॉर्टच्या माहितीपत्रकात 'इको' हा शब्द असतोच. बांबूचा स्ट्रॉ, खोलीत कापडी पिशवी आणि 'टॉवेल रोज धुवायला टाकू नका' अशी पाटी, एवढ्या भांडवलावर तो शब्द मिरवणारी ठिकाणं कमी नाहीत. प्रवाळ बेटावरचं हॉटेल खरोखर निसर्ग सांभाळून चालतं का, हे तपासायचं तर तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुठून येतं? वीज कशावर निघते? आणि कचरा शेवटी कुठे जातो? बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) कुन्फुनाधू बेटावरचं सोनेवा फुशी यातल्या पाणी आणि कचरा या दोन प्रश्नांना चोख उत्तर देतं, विजेच्या प्रश्नाला अर्धं. मुंबईच्या कुटुंबाने आयुष्यात एकदाच एवढा मोठा खर्च करायचा ठरवला असेल, तर तो इथे करावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कधी जायचं, कुठली खोली घ्यायची आणि काय आधी विचारायचं, हे नीट ठरवलं तरच तो खर्च सार्थकी लागतो.

सोनू शिवदासानी आणि त्यांची पत्नी ईवा यांनी हे रिसॉर्ट १९९५ साली सुरू केलं. बेट साधारण १.४ किलोमीटर लांब आणि चारशे मीटर रुंद, म्हणजे मालदीवच्या मानाने बऱ्यापैकी मोठं. मधलं जंगल राखलेलं आहे आणि व्हिला झाडीत दडलेल्या आहेत. समुद्रावरून पाहिलं तर हिरवा पट्टा आणि त्याखाली पांढरी वाळू एवढंच दिसतं. बहुतेक रिसॉर्टच्या बेटांवर झाडं तोडून मग कुंडीतली शोभेची झाडं लावलेली असतात. इथली सावली मूळची आहे, आणि भर दुपारी मुलांना घेऊन फिरताना तिची किंमत कळते.

आधी पाण्याचं पाहू. इथे २००८ पासून बाहेरून आयात केलेलं बाटलीबंद पाणी बंद आहे. समुद्राचं पाणी बेटावरच गोडं करून, गाळून, त्यात क्षार मिसळून काचेच्या बाटल्यांत भरतात, आणि त्याच बाटल्या धुऊन पुन्हा वापरतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पडद्यातून दाब देऊन वेगळं करायला दर हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते. घरी नळ उघडला की भातसा-वैतरणाचं पाणी येतं, त्या सवयीने इथे अर्धा तास शॉवर घेतला तर तो विजेच्या हिशेबात मोजला जातो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. पाण्याची चव आरओच्या पाण्यासारखीच, किंचित सपक. पोटाला त्रास होण्याची भीती बाळगू नये.

कचऱ्याचं काम मात्र पाहण्यासारखं आहे. मालदीवमध्ये अनेक ठिकाणचा कचरा बोटीत भरून राजधानी मालेजवळच्या थिलाफुशी बेटावर जातो. आपल्या देवनारचा ढीग निदान डोळ्यांसमोर असतो, पर्यटकाला थिलाफुशी दिसतही नाही. सोनेवा फुशीत बेटाच्या आतल्या भागात कचऱ्याचं स्वतंत्र केंद्र आहे आणि पाहुण्यांना ते हिंडून दाखवतात. बहुतांश घनकचरा तिथेच पुन्हा वापरात येतो असा रिसॉर्टचा दावा आहे. दाव्यावर न थांबता डोळ्यांनी पाहता येतं, हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि बागेतली पानं-फांद्या मिळून कंपोस्ट होतं, ते खत भाजीच्या वाफ्यांत जातं आणि वाफ्यातली पालेभाजी पुन्हा ताटात येते. लाकडाचा कोळसा होतो. पॅकिंगमधून येणारा थर्मोकोल चुरून सिमेंटमध्ये कालवतात आणि त्याचे हलके ठोकळे बांधकामाला वापरतात. ॲल्युमिनियमचे डबे वितळवून ओतकाम होतं.

काचेचा स्टुडिओ हा या सगळ्याचा कळस. दारूच्या आणि सॉसच्या रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून, फोडून भट्टीत घालतात. वितळलेली काच सुमारे अकराशे अंश सेल्सिअसला मधाच्या पाकासारखी ओघळू लागते. कारागीर ती लांब पोकळ नळीच्या टोकाला गुंडाळून घेतो, नळी सतत फिरवत फुंकर घालतो. फिरवणं क्षणभर थांबलं तर गोळा एका बाजूला लोंबतो. तयार वस्तू लगेच बाहेर ठेवली तर तडकते, कारण बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा आधी थंड होऊन आकसतो. म्हणून ती दुसऱ्या भट्टीत तासन् तास हळूहळू थंड करतात. बाटल्यांची काच वापरण्यातली खरी अडचण अशी, की प्रत्येक कंपनीच्या काचेची घडण थोडी निराळी. दोन वेगळ्या काचा एकत्र आल्या की त्या कमी-जास्त आकसतात आणि भांडं आठवड्याभराने आपोआप चिरतं. त्यामुळे वर्गीकरण करणाऱ्याचं काम फुंकणाऱ्याइतकंच मोलाचं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन हा स्टुडिओ नक्की पाहावा. भट्टीपाशी पायात काहीतरी घालावं लागतं, तेवढी एक जोडी सोबत ठेवावी.

विजेच्या बाबतीत मी पूर्ण गुण देणार नाही. सौर पॅनेल आहेत, पण मालदीवच्या पर्यटनाचं डिझेल अजून सुटलेलं नाही. रात्रभर चालणारे एसी, पाण्याचा प्लांट, मासळी-भाजीची शीतगृहं यांचा भार सूर्य मावळल्यावरही तसाच राहतो. कचरा केंद्राच्या फेरीत 'आज किती टक्के वीज सौर आणि किती डिझेलची' हे थेट विचारावं. मुंबई ते माले हे अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुढे पुन्हा छोटं विमान. त्या धुराची भरपाई म्हणून खोलीच्या भाड्यावर २ टक्के पर्यावरण शुल्क घेतात आणि ते त्यांच्या प्रतिष्ठानमार्फत निसर्गरक्षणाच्या कामांकडे वळवतात. शुल्क योग्यच आहे, पण त्यामुळे धूर नाहीसा होत नाही. म्हणून दोनदा तीन-तीन रात्रींसाठी जाण्यापेक्षा एकदाच पाच-सहा रात्री राहावं.

आईबापांना सगळ्यात जास्त काळजी डासांची असते, आणि ती रास्त आहे, कारण मालदीवमध्ये डेंग्यू आहे. बहुतेक बेटांवर डासनाशकाची धूरफवारणी करतात. त्या औषधाने डास मरतात तशा मधमाश्या आणि फुलपाखरंही मरतात, आणि अळ्या साचलेल्या पाण्यात सुखरूप राहिल्यामुळे काही दिवसांत डास परत येतात. सोनेवा फुशीने २०१९ पासून जर्मन बनावटीचे सापळे बेटभर लावले आहेत. एका प्रकारचा सापळा माणसाच्या श्वासासारखा कार्बन डायऑक्साइड सोडून चावायला निघालेल्या माद्यांना ओढतो, दुसरा अंडी घालायला पाणी शोधणाऱ्या माद्यांना पकडतो. रोजच्या रोज साचलेलं पाणी शोधून ओतून टाकणं हा त्यातला कष्टाचा भाग, आणि तो चुकला तर सापळे निरुपयोगी. डास अगदी शून्य असं समजू नये. संध्याकाळी झाडीत जाताना लहान मुलांना लांब बाह्यांचे कपडे घालावेत, जोराच्या पावसानंतरच्या आठवड्यात तर नक्कीच.

आता खोली. 'मालदीव' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यावरची झोपडी येते. इथेही २०२० पासून पाण्यावरच्या व्हिला आहेत, थेट समुद्रात उतरणाऱ्या घसरगुंडीसकट. फोटो उत्तम येतात. पण पाच-सहा वर्षांखालचं मूल सोबत असेल तर त्या घेऊ नयेत. चहूबाजूंनी पाणी, डेकला जागोजाग मोकळ्या कडा, आणि आईबाबांपैकी एकाला कायम पहाऱ्यावर बसावं लागतं. तशी सुट्टी कोणालाच मानवत नाही. बेटावरची, वाळूला लागून असलेली व्हिला घ्यावी. तिथेही बहुतेक व्हिलांना खासगी तलाव असतो, तेव्हा 'तलावाला तात्पुरतं कुंपण किंवा जाळी बसवून द्याल का' हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारावं. पोहोचल्यावर विचारलं तर सोय होईलच असं नाही.

बाजू निवडताना वारा बघावा. मालदीवमध्ये दोन मोसम. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा 'इरुवाई', कोरडा आणि शांत. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा 'हुल्हंगू', म्हणजे आपल्याच पावसाचा मोसम. हुल्हंगूमध्ये लाटा पश्चिमेकडून येतात. सूर्यास्त दिसणारी बाजू हवी म्हणून पश्चिमेची व्हिला घेतली तर ऑगस्टमध्ये पाणी ढवळलेलं आणि उतरायला अवघड मिळतं, तर पूर्वेची बाजू त्या वेळी निवांत असते. वाळूही मोसमाबरोबर बेटाभोवती सरकते. एका मोसमात ज्या व्हिलासमोर ऐसपैस किनारा असतो, तिथेच दुसऱ्या मोसमात भरतीचं पाणी झाडांच्या मुळांपर्यंत येऊ शकतं. इंटरनेटवरचे फोटो कुठल्या महिन्यातले आहेत हे पाहिल्याशिवाय व्हिला ठरवू नये. 'माझ्या तारखांना कुठल्या बाजूला वाळू जास्त असेल' असं विचारलं तर बेटावरचा माणूस बरोबर सांगतो.

न्हाणीघरं उघड्यावर आहेत. भिंती आहेत, छप्पर अर्धंच. तरुणांना मौज वाटते, आजी-आजोबांना वाटेलच असं नाही. रात्री दोनला पावसात ओल्या फरशीवरून जाणं गुडघ्याच्या दुखण्याला परवडत नाही. तसंच अनवाणीपणाचं. इथे आल्या आल्या चपला-बूट काढून पिशवीत ठेवतात आणि निघेपर्यंत अनवाणी राहायची पद्धत आहे. 'ना बातम्या, ना बूट' हे त्यांचं ब्रीद. मऊ वाळूत हे छानच वाटतं. पण मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल त्यांनी अनवाणी फिरू नये. प्रवाळाचा तुकडा रुतला तरी कळत नाही, आणि दमट हवेत जखम चिघळते. चप्पल घालायला कोणी हरकत घेत नाही. बेटावर फिरायला सायकली देतात. मऊ वाळूत पुढचं चाक रुतून घसरतं, तेव्हा सीट थोडी खाली घ्यावी आणि वळणावर ब्रेक हळू दाबावा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बॅटरीवरची बग्गी बोलावता येते.

पोहोचण्याचा भाग सगळ्यात जास्त लोकांना चुकतो. मुंबईहून मालेला थेट विमान आहे, प्रवास सुमारे तीन तासांचा. पुढे दोन रस्ते. एक, सीप्लेनने अर्धा-पाऊण तासात थेट बेटाजवळ. दुसरा, देशांतर्गत विमानाने धरवंधू विमानतळ आणि तिथून स्पीडबोट. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, कारण पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात आणि वैमानिकाला लाटा, बोटी, तरंगते ओंडके डोळ्यांनी पाहूनच उतरावं लागतं. म्हणून मालेला दुपारी साडेतीननंतर पोहोचणारं विमान घेऊ नये. घेतलंच तर रात्र मालेत किंवा हुळहुमालेत काढावी लागते आणि बेटावरच्या एका रात्रीचे पैसे वाया जातात. परतीचं विमान सकाळी नऊच्या आधीचं असेल तरी तीच अडचण. धरवंधूचं विमान अंधार पडल्यावरही असू शकतं, म्हणून उशिरा पोहोचणाऱ्यांना तो मार्ग बरा.

सामानाची मर्यादा कसून पाळतात. सीप्लेनला माणशी २० किलो आणि हातात ५ किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. विमान जेमतेम पंधरा-सोळा जणांचं. कडक बॉडीच्या मोठ्या बॅगा मागच्या बाजूला नीट बसत नाहीत, मऊ डफल बॅगा चांगल्या. आवाज इतका मोठा असतो की लहान मुलांना कानावर लावायची आवरणं न्यावीत. थंडगार केबिन असते असंही नाही, तेव्हा उलटीचा त्रास असणाऱ्याने गोळी अर्धा तास आधी घ्यावी. आणखी एक घड्याळाची गोष्ट. माले भारताच्या अर्धा तास मागे, पण बेटावर मालेच्या एक तास पुढची 'बेटाची वेळ' चालते, म्हणजे ती आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. मोबाइल मालेची वेळ दाखवत राहतो. परतीच्या दिवशी सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाने सांगितली आहे हे विचारून घ्यावं.

महिना निवडायचा तर माझा कौल दिवाळीच्या सुट्टीला. डिसेंबर-जानेवारीत हवा सर्वात चांगली, पण नाताळाच्या पंधरवड्यात भाडं कडाडतं, वर मालदीवमधली बरीच रिसॉर्ट्स नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण सक्तीने घ्यायला लावतात. मे महिन्यात पाऊस सुरू होत असतो. दिवाळीला पाऊस ओसरत आलेला असतो, भाडं अजून चढलेलं नसतं, आणि मुख्य म्हणजे हनीफारू उपसागरातले मांटा हे अवाढव्य मासे अजून गेलेले नसतात.

हनीफारू याच बा अटॉलमध्ये आहे. संपूर्ण बा अटॉलला २०११ मध्ये युनेस्कोने राखीव जीवावरणाचा दर्जा दिला, आणि हनीफारू त्याच्याही आधी, २००९ पासून संरक्षित आहे. आकार फनेलसारखा, एका बाजूने उघडा. नैर्ऋत्य मोसमात भरतीचं पाणी समुद्रातलं प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) या खिशात ढकलतं आणि ते तिथेच कोंडून राहतं. ते खायला मांटा येतात, म्हणजे कोकणातल्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या पाकटाचेच अवाढव्य नातेवाईक. पंखांचा विस्तार तीन मीटर सहज. प्लवक दाट झालं की ते एकामागे एक गोल फिरत तोंड उघडं ठेवून खातात. भरती जितकी मोठी तितकं प्लवक जास्त, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस सर्वात चांगले. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. त्या दिवशी घरची पूजा करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेटावर पोहोचणाऱ्याला उधाणाच्या भरत्या मिळतात. पंचांग पाहून तारखा ठरवण्याचा याहून व्यवहारी उपयोग मला माहीत नाही.

नियम कडक आहेत, आणि असावेतच. स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याला) बंदी, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणं. एका वेळी जास्तीत जास्त ८० जण पाण्यात, आणि एका गटाला ४५ मिनिटं. परवानाधारक मार्गदर्शक सोबत लागतो, माणशी शुल्क वेगळं. स्पर्श करायचा नाही, तीन मीटरचं अंतर ठेवायचं, त्यांच्या वाटेत आडवं यायचं नाही. प्राणी रानातले आहेत. चार दिवसांत एकही न दिसण्याची शक्यता असते, म्हणून मुलांना 'मांटा दाखवायला नेतोय' असं वचन देऊ नये. उघड्या पाण्यात वीस मिनिटं घाबरल्याशिवाय तरंगता न येणाऱ्या मुलाला तिथे नेऊ नये, जॅकेट घालूनसुद्धा. पाणी गढूळ असतं, खाली तळ दिसत नाही, आणि तेवढ्याने मूल बिथरतं.

बेटाच्या स्वतःच्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, सराव करून मगच हनीफारूला जावं. मास्क बसतो का हे पाहण्याची पद्धत सोपी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. पडला तर माप चुकलं. कपाळावरचे केस आत अडकले की पाणी गळतं, मुलींच्या बाबतीत हटकून हेच होतं. काच धुक्यासारखी होत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळून विसळावा. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क मुलांना देऊ नयेत. त्यात सोडलेला श्वास नीट बाहेर जात नाही आणि पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाही. पाण्यात उतरल्यावर आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावं, म्हणजे दमल्यावर परतताना प्रवाह साथ देतो. मोठा टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असताना अंगावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून वर न येता आडवं पोहत बाजूला व्हावं. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखाची शार्कची पिल्लं हिंडतात, ती निरुपद्रवी.

जाहिरातीतले रंगीबेरंगी प्रवाळ मनात धरून जाऊ नये. १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापला, प्रवाळाच्या पेशींत राहणारी शेवाळं बाहेर पडली आणि मालदीवचे खडक मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मासे भरपूर आहेत, कासवं आहेत, पण खडक बऱ्याच ठिकाणी करडे दिसतील. जे उरलं आहे ते आपल्यामुळे बिघडू नये म्हणून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन घरीच ठेवावं, झिंक ऑक्साइडचं घ्यावं. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. इथलं ऊन विषुववृत्ताजवळचं आहे, मुंबईच्या उन्हाची सवय असलेली कातडीही तासाभरात भाजते.

मुलांचं 'डेन' हे वेगळं घरच आहे: चाच्यांचं जहाज, घसरगुंड्या, स्वतःचा तलाव, लेगोची खोली. मोठं आहे, नीट सांभाळलेलं आहे आणि मुलं तिथून निघायला तयार होत नाहीत. किती वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा पैसे देऊन सांभाळणारी व्यक्ती लागते, ते बुकिंगच्या वेळी विचारावं. चॉकलेटची आणि आइस्क्रीमची खोली दिवसभर उघडी आणि फुकट, तेव्हा दिवसाला किती वेळा हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

रात्री वेधशाळेत मात्र जाच. बा अटॉल ५ अंश उत्तरेला, मुंबई १९ अंशांवर. आपल्याकडे जरा वर दिसणारा ध्रुवतारा इथे क्षितिजाला टेकतो आणि दक्षिणेचा त्रिशंकू, जो मुंबईच्या धुरकटात जवळजवळ दिसतच नाही, तो एप्रिल-मेच्या रात्री इथे चांगला वर येतो. दिवाळीत गेलात तर तो मिळणार नाही, ही त्या मोसमाची एक उणीव.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी निर्धास्त राहावं, पण गाफील राहू नये. बागेच्या वर उभारलेल्या, झुलत्या पुलावरून जायच्या रेस्टॉरंटमध्ये खालच्याच वाफ्यातली भाजी मिळते आणि ती खरोखर ताजी असते. अडचण स्थानिक पदार्थांत येते. मालदीवी स्वयंपाकात सुकवलेला ट्यूना, आपल्याकडचा कुपा, मसाल्यासारखा पडतो: नारळाच्या चटणीत, भाजीच्या रश्शात, तळलेल्या गोळ्यांत. 'यात मासा नाही' हे उत्तर 'माशाचे तुकडे नाहीत' अशा अर्थानेही दिलं जातं, म्हणून सुका ट्यूना आणि त्याचा अर्क असं नाव घेऊन विचारावं. कांदा-लसूण वर्ज्य असेल किंवा जैन जेवण हवं असेल तर दोन आठवडे आधी कळवावं, कारण भाजी बोटीने किंवा विमानाने येते. मासे खाणाऱ्यांनी नाश्त्याला मस हुनी चुकवू नये. बारीक केलेला ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी नावाची पातळ पोळी. मालवणी जिभेला ते पहिल्या घासात ओळखीचं वाटतं.

पैशांचं सरळ बोलू. अगदी साध्या व्हिलालाही गर्दीच्या हंगामात रात्रीला दोन हजार डॉलरच्या पुढेच मोजावे लागतात. दाखवलेल्या भाड्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी (हा दर जुलै २०२५ पासून) धरला, तर १,००० डॉलरचे १,२८७ होतात. त्याशिवाय रिसॉर्टला हरित कर माणशी रात्रीला १२ डॉलर, दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. चौघांच्या पाच रात्रींचे २४० डॉलर नुसते त्याचेच. वर ते २ टक्के पर्यावरण शुल्क आणि सीप्लेनचं भाडं. संकेतस्थळांवर 'कर वगळून' आणि 'करासह' असे दोन्ही आकडे फिरत असतात, तुलना करताना एकच प्रकार धरावा. मुंबईतल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो, पण तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पावती जपून ठेवावी. बाहेर दुसरं हॉटेल नसल्यामुळे जेवणाचं बिल फुगतं. सगळं धरून दर देणारी योजना आणि नुसता नाश्ता, दोन्हींचा हिशेब मुलांची वयं सांगून मागवावा.

या खर्चात काय मिळतं? जागा, शांतता, जंगल आणि प्रश्नाला खरं उत्तर देणारी माणसं. संध्याकाळी बाजार, गर्दी, गाणी-बजावणी हवी असेल त्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. त्यांनी इथे येऊ नये.

भारतीयांना व्हिसा मालेला उतरल्यावर मोफत मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन अर्ज प्रत्येकाचा, बाळाचासुद्धा, भरावा लागतो. तोही मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. कस्टम्समध्ये दारू, डुकराचं मांस, ई-सिगारेट यांच्याबरोबर पूजेच्या मूर्तींनाही मनाई आहे. प्रवासाच्या बॅगेत छोटा गणपती ठेवायची सवय अनेक घरांत असते, या प्रवासापुरता तो घरच्या देव्हाऱ्यात राहू द्यावा. विमानतळावर घेतलेली दारूची बाटली कस्टम्सवाले ठेवून घेतात आणि परतताना देतात. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. बा अटॉलचं रुग्णालय आयधाफुशी बेटावर आहे. गंभीर काही झालं तर माले गाठावं लागतं आणि रात्री सीप्लेन नसतं. हृदयविकार किंवा जोखमीचं गरोदरपण असेल तर हे लक्षात घेऊनच ठरवावं, आणि विम्यात रुग्णाला बोटीने-विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते पाहावं.

आणि ज्यांना एवढा खर्च झेपणारा नाही, पण मांटा आणि ते पाणी मुलांना दाखवायचं आहे, त्यांनी धरवंधू या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस बघावं. हनीफारू तेच, नियम तेच, खोली मात्र रिसॉर्टच्या भाड्याच्या अगदी लहान अंशात मिळते आणि हरित करही ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसला माणशी ६ डॉलरच. तिथे गाव आहे, मशीद आहे, शाळा आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालावेत, पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. दारू मिळत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात आणि बोटीही कमी, म्हणून येण्या-जाण्यासाठी शुक्रवार सोडून दुसरा वार धरावा.